चोर सोडून संन्याशाला

लाइटनिंग नेटवर्क हे बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर उभे केलेले देवघेवीचे जाळे आहे. मूळ साखळीवर सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, त्यातली जागा मोजकी असते आणि प्रत्येक व्यवहाराला त्या जागेचे शुल्क भरावे लागते. चहाचे पैसे चुकते करायला ही यंत्रणा परवडत नाही. म्हणून दोघे जण काही बिटकॉइन एकदाच साखळीवर अडकवून ठेवतात, दोघांच्या सह्यांशिवाय ते हलू नयेत अशी सोय करतात आणि पुढची देवघेव आपापसांत करतात. याला चॅनेल म्हणतात. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखाच हा मामला: नोंद रोजची, रोख हिशेब शेवटी एकदाच. फरक एवढाच की इथे वही दोघांकडेही असते आणि तिच्या प्रत्येक पानावर सह्या झालेल्या असतात.

घोळ या सह्यांपाशीच सुरू होतो. आजचे पान खरे असले तरी गेल्या आठवड्याचे पानही त्या दिवशी खरेच होते आणि त्यावरची सही आजही तितकीच अस्सल आहे. कागद फाडता येतो, पण संगणकातल्या नोंदीची नक्कल समोरच्याने कुठे जपून ठेवली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा ज्याची शिल्लक गेल्या आठवड्यात नव्वद होती आणि आज दहा आहे, त्याने जुना हिशेब साखळीवर नेऊन नव्वद वसूल केले तर?

जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी जानेवारी २०१६ च्या आपल्या निबंधात याला दिलेले उत्तर म्हणजे दंड. नवा हिशेब ठरताना प्रत्येक जण आपला जुना हिशेब रद्द करणारी गुप्त किल्ली समोरच्याच्या हवाली करतो. एखाद्याने तरीही जुना हिशेब साखळीवर टाकला, तर त्याला पैसे लगेच मिळत नाहीत. साधारण १४४ ते २०१६ ब्लॉक, म्हणजे एक दिवस ते दोन आठवडे, थांबावे लागते. तेवढ्या अवधीत समोरचा ती किल्ली लावून चॅनेलमधली सगळी रक्कम, लबाडाच्या हक्काच्या पैशासकट, ताब्यात घेतो. लाइटनिंगच्या व्यवहारात आज हीच रीत आहे.

दुसरे उत्तर २०१८ साली आले. क्रिश्चन डेकर, रस्टी रसेल आणि ओलाओलुवा ओसुंतोकुन यांनी मांडलेल्या एल्टू या रचनेत दंड नाही. प्रत्येक हिशेबाला चढता क्रमांक असतो आणि वरच्या क्रमांकाचा हिशेब खालच्या कोणत्याही हिशेबाला बाद करतो. कोणी जुना हिशेब टाकला, तर समोरचा ताजा हिशेब टाकतो आणि ज्याचे जेवढे होते तेवढे त्याला मिळते. जप्ती नाही, फक्त दुरुस्ती. यासाठी बिटकॉइनच्या नियमांत बदल लागतो. त्याचा मसुदा बीआयपी ११८ या नावाने तयार आहे, पण मुख्य साखळीवर तो लागू झालेला नाही.

या दुसऱ्या उत्तराचे नाव निघाले की एक ठरलेला आक्षेप येतो, आणि तो शहाणपणाचा शेवटचा शब्द असल्याच्या थाटात येतो. लबाडीला माफी दिली तर लबाडी फुकट होईल. पकडला गेला तर मुद्दल शाबूत, नाही पकडला गेला तर घबाड. मग प्रत्येक जण एकदा हात मारून पाहणारच. दंडाचा धाक आहे म्हणून जाळे टिकून आहे. सरळ माणसाला या दंडाची भीती असण्याचे कारण नाही. शिवाय लुटल्या जाणाऱ्याला भरपाई मिळते, आणि नियम आधी माहीत असताना चॅनेल उघडले की तक्रारीला जागा उरत नाही. हे मत ऐकायला कडक आणि व्यवहारी वाटते. त्यातले एकेक कलम तपासू लागले की कडकपणा तेवढा उरतो, व्यवहार हाती लागत नाही.

पहिले कलम धाकाचे. धाक किती, हे मोजायला फार गणित लागत नाही. पकडल्या गेलेल्या लबाडाचे नुकसान किती होते? चॅनेलमधली सगळी रक्कम जाते हे खरे, पण त्यातला मोठा वाटा आधीच समोरच्याचा होता. लबाडाचे खरे नुकसान त्याच्या आजच्या शिल्लकीएवढेच. आणि मोह कोणाला पडतो? ज्याची शिल्लक पूर्वी भरपूर होती आणि आज संपत आली आहे त्याला. म्हणजे ज्याला लबाडीतून सर्वांत जास्त मिळायचे, त्याच्याकडे गमावण्यासारखे सर्वांत कमी असते. उलट ज्याची शिल्लक वाढत वाढत आज सर्वाधिक झाली आहे, त्याला कोणताही जुना हिशेब टाकून नुकसानच होणार. त्याला लबाडीचे कारणच नाही. तरी हात चुकला तर सगळ्यात मोठा दंड त्यालाच. मोह जितका मोठा तितकी शिक्षा लहान आणि मोह शून्य तिथे शिक्षा सर्वांत मोठी, असे उफराटे दंडविधान दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात कोणी खपवून घेतले असते का?

रचनाकारांना ही उणीव दिसली नाही असे नाही. म्हणूनच लाइटनिंगच्या नियमावलीत राखीव रकमेची तरतूद आली: चॅनेलच्या साधारण एक टक्का रक्कम प्रत्येकाने कायम आपल्या बाजूला ठेवायची, म्हणजे प्रत्येकाला गमावायला काहीतरी उरते. हा एक टक्का कितपत धाक घालतो ते पाहावे. दहा लाख सातोशींचे, म्हणजे बिटकॉइनच्या सर्वांत लहान एककांचे, चॅनेल घेऊ. लबाडाची आजची शिल्लक दहा हजार, म्हणजे नुसती राखीव रक्कम. जुन्या हिशेबात ती नऊ लाख नव्वद हजार होती. न पकडला गेल्यास फायदा नऊ लाख ऐंशी हजारांचा, पकडला गेल्यास तोटा दहा हजारांचा. हा सौदा त्याला तोट्याचा ठरायचा असेल, तर पकडले जाण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या आसपास हवी. त्याहून ढिली नजर असेल, तर दंड असूनही लबाडी किफायतशीर!

आता दंड नसलेल्या रचनेत तोच प्रयत्न करणाऱ्याचे काय जाते? साखळीवर व्यवहार टाकण्याचे शुल्क जाते. दर बाइटला पन्नास सातोशी दर चालू असेल आणि व्यवहार दोनशे बाइटांचा असेल, तर शुल्क होते दहा हजार सातोशी. म्हणजे जिथे मोह सर्वांत मोठा, तिथे गाजलेला दंड आणि साधे शुल्क एकाच मापाचे निघतात. शुल्काचे दर खूप उतरलेले असताना दंड थोडा जड पडेल, चढलेले असताना हलका पडेल. काही मोबाइल वॉलेट तर ग्राहकाकडून राखीव रक्कमच मागत नाहीत. तिथे शिल्लक संपलेल्या ग्राहकाला दंड म्हणून घ्यायचे तरी काय?

तेव्हा चॅनेल सुरक्षित राहते ते नजरेच्या जोरावर. दंडाला नजरेवेगळे अस्तित्वच नाही. पाहणाऱ्याचे डोळे मिटले की दंडही मिटतो. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी हे सगळ्यांना दिसले. ९९९ पैकी ९९८ सह्यांचा एक अजस्र व्यवहार साखळीवर आला. तो नियमात बसणारा होता, पण बीटीसीडी या सॉफ्टवेअरला तो वाचता येईना, आणि त्याच्या कोडवर आधारलेल्या एलएनडी या लाइटनिंग सॉफ्टवेअरचे नोड, म्हणजे ते चालवणारे संगणक, पुढचे ब्लॉक पाहू शकेनात. लाइटनिंगचा मोठा भाग काही तास आंधळा झाला. त्या अवधीत कोणी जुना हिशेब टाकला असता, तर त्या नोडच्या हातातली दंडाची किल्ली काय कामाची होती? सावरून धरले ते दोन गोष्टींनी: काही तासांत आलेली दुरुस्ती, आणि जुना हिशेब टाकणाऱ्याला पैसे हाती येण्यापूर्वी थांबायला लावणारी मुदत. ही मुदत माफीच्या रचनेतही असते.

इथे दंडवाल्यांना एक गोष्ट द्यावी लागेल. शिल्लक निम्मी-निम्मी असेल तेव्हा दंडाला धार असते. पन्नास गमावण्याच्या भीतीने एकोणपन्नासाचा मोह आवरतो, आणि तिथे नजर थोडी ढिली असली तरी चालते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? फार तर एवढाच, की प्रयत्नाची किंमत शुल्काहून थोडी जास्त असावी. ती ठरीव रकमेची अनामत ठेवून साधता येते. शिल्लक किती आहे याच्याशी दंडाचा संबंध तोडून त्याचे माप आधीच ठरवण्याच्या रचना मांडल्या गेल्या आहेत. जॉन लॉ या नावाने २०२२ मध्ये आलेला प्रस्ताव त्यातलाच. सगळी शिल्लक जप्त करण्याचे समर्थन मात्र यातून होत नाही.

दुसरे कलम म्हणजे सरळ माणसाला भीती नाही. हे विधान करणाऱ्यांनी स्वतःचा नोड चालवला आहे की नाही, अशी शंका यावी इतके ते वस्तुस्थितीला सोडून आहे. यंत्राला हेतू दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक दिसतो. जुना हिशेब साखळीवर आला म्हणजे लबाडी, एवढीच त्याची व्याख्या. आणि जुना हिशेब साखळीवर कसा येतो? घरच्या टेबलावर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नोड चालतो. त्याची डेटाबेस फाइल रविवारी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवली जाते. बुधवारी मेमरी कार्ड बिघडते. मालक शहाण्या माणसासारखा रविवारचा बॅकअप परत चढवतो. मधल्या तीन दिवसांत चॅनेलवर देवघेव झालेली असते, पण पुन्हा चालू झालेल्या नोडला त्याचा पत्ता नसतो. समोरचा नोड नेमका त्या वेळी बंद असतो. वाट पाहून कंटाळलेला मालक चॅनेल एकतर्फी मिटवण्याचा आदेश देतो आणि रविवारचा हिशेब साखळीवर जातो. काही वेळाने समोरचा नोड जागा होतो, रद्द झालेला हिशेब ओळखतो आणि कोणाही माणसाला न विचारता सगळी रक्कम उचलतो. लाइटनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये या उचलेगिरीला न्यायाचा व्यवहार असे नाव आहे.

या माणसाने केले काय? बॅकअप ठेवला. संगणकाशी काम पडणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून जो धडा दिला जातो, तो त्याने पाळला. दंडाच्या राज्यात तोच गुन्हा ठरतो. म्हणून एलएनडीसारख्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत चॅनेलची जुनी डेटाबेस फाइल परत चढवू नये, असा इशारा द्यावा लागतो. नोड एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवताना जुने यंत्र चुकून चालू राहिले, तरी हेच संकट. ज्या यंत्रणेत बॅकअप हा विषारी पदार्थ होतो, तिच्याबद्दल सरळ माणसाला भीती नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

यावर उत्तर असे येते की ही अडचण आता सुटली आहे. नोड पुन्हा जोडले गेले की एकमेकांना आपला हिशेबाचा क्रमांक सांगतात. आपण मागे पडलो हे कळलेल्या नोडने आपला हिशेब साखळीवर टाकायचा नाही, असा नियम आहे. स्थिर बॅकअप नावाची सोयही आहे. तीत हिशेब मुळी साठवतच नाहीत, समोरचा कोण एवढेच साठवतात, आणि वेळ आली की त्याला चॅनेल मिटवण्याची विनंती करतात. विनंती! म्हणजे ज्या रचनेचे ब्रीदच समोरच्यावर विश्वास न ठेवणे हे आहे, तिच्यात अपघात झालेल्याने शेवटी समोरच्याच्या दयेवरच विसंबायचे. तो बंद असेल, कायमचा गेला असेल, किंवा अपघात झालेल्याचा हिशेब हरवला आहे हे ओळखून त्यानेच जुना हिशेब टाकला, तर उपाय नाही. दंड करायला लागणारी किल्लीही हरवलेल्या हिशेबाबरोबरच गेलेली असते. माफी ही भाबडी कल्पना आहे असे ज्यांचे म्हणणे, त्यांच्या यंत्रणेचा आपत्कालीन दरवाजाच माफीच्या बिजागरीवर टांगलेला आहे.

एल्टूसारख्या रचनेत तोच रविवारचा बॅकअप निरुपद्रवी असतो. तो टाकला तर फार तर समोरचा बुधवारचा हिशेब टाकेल आणि प्रत्येकाला आपापले मिळेल. एवढेच नव्हे, समोरच्याने त्याहून जुना हिशेब टाकून लुबाडायचे ठरवले, तर रविवारच्या बॅकअपने निदान रविवारपर्यंतचा हिशेब तरी राखता येतो. जो कागद एका रचनेत फासाचा दोर, तोच दुसरीत ढाल ठरतो.

तिसरे कलम भरपाईचे. दंडाची रक्कम लुटल्या जाणाऱ्याला मिळते, म्हणून ती भरपाई, असे सांगितले जाते. कशाची भरपाई? चोरी वेळेत पकडली गेली तेव्हा त्याचे काहीच गेलेले नसते. गेले असेल तर उत्तरादाखल टाकलेल्या व्यवहाराचे शुल्क, आणि तेवढे मागितले तर कोणी नाही म्हणणार नाही. बाकीचे घबाड आहे. घबाडाची सोय केली की ते मिळावे असे वाटणारेही तयार होतात. समोरच्याचा नोड कोसळावा, त्याने जुना बॅकअप चढवावा, घाईत चुकीचा आदेश द्यावा, यात प्रत्येक भागीदाराचे हित गुंतवणारी रचना न्यायाच्या नावाने मिरवते! उलट शिल्लक संपलेला खरा लबाड पकडला गेला, तर हाती लागतो तो एक टक्का, आणि तोही बहुतेक शुल्कातच जातो. भरपाई चोराकडून मिळत नाही, संन्याशाकडून मात्र भरपूर मिळते.

चौथे कलम करार आधी मान्य केल्याचे. नियम उघड होते, चॅनेल स्वखुशीने उघडले, मग जप्ती झाल्यावर रडायचे कशाला? हा युक्तिवाद जणू संगणकाच्या युगाने प्रथमच शोधला अशा थाटात केला जातो. प्रत्यक्षात करारातल्या दंडाच्या कलमांकडे कायदा फार पूर्वीपासून संशयानेच पाहत आला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ घ्यावे. करार मोडल्यास अमुक रक्कम दंड, असे दोघांनी लिहून दिले असले, तरी वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते, हक्क नव्हे. सही केली म्हणून अंगावरचे कपडेही द्यावे लागतील, हे तत्त्व दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही पटलेले नव्हते. गणिताने चालणाऱ्या करारात न्यायाधीश नसतो हे खरे. पण जिथे चूक आणि लबाडी वेगळी करणारा कोणीच नाही, तिथे दंड जास्त जपून ठेवायचा की जास्त बेफाम?

शिक्षेच्या तत्त्वज्ञानातही हा मुद्दा नवा नाही. चेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्येच मांडले होते की गुन्हा रोखतो तो शिक्षेचा अटळपणा, तिची क्रूरता नव्हे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर याच्या १९६८ च्या निबंधाचा आधार घेऊन दंडवाले उलट सांगतात: नजर ठेवणे महाग, दंड वाढवणे स्वस्त, म्हणून कमी नजर आणि जबर दंड ही जोडी किफायतशीर. पण हे गणित चालायला दोन अटी लागतात. दंड हवा तेवढा वाढवता यायला हवा आणि निरपराध माणूस त्यात सापडता कामा नये. चॅनेलमध्ये दंड लबाडाच्या शिल्लकीपुढे जाऊच शकत नाही आणि निरपराध तर हमखास सापडतो. दोन्ही अटी मोडल्यावर बेकरचे नाव घेण्यात काय अर्थ?

शिवाय नजर महाग केली कोणी? नोड बंद असताना साखळीवर पहारा ठेवण्यासाठी वॉचटॉवर वापरतात. आजच्या दंडपद्धतीत प्रत्येक रद्द हिशेबामागे एक वेगळे पाकीट वॉचटॉवरकडे द्यावे लागते, कारण लबाड कोणता जुना हिशेब काढील हे आधी माहीत नसते. हजारो देवघेवी झाल्या की पाकिटेही हजारो. एल्टूत वॉचटॉवरला फक्त ताजा हिशेब पुरतो. तो कोणत्याही जुन्याला बाद करतो. साठवण कमी, खर्च कमी, म्हणून एकाऐवजी पाच पहारेकरी ठेवणे परवडते आणि लबाड पकडला जाण्याची शक्यता वाढते. दंड काढून टाकल्याने धाक कमी होतो असे म्हणणारे या हिशेबाकडे पाहतच नाहीत. ज्या ९९ टक्के नजरेवाचून दंडाचाही उपयोग नाही, ती नजर स्वस्त होते दुसऱ्याच रचनेत.

चॅनेलमध्ये दोनाहून अधिक जण आले की दंडाची पुरती फजिती होते. दंड करायला कोणी लबाडी केली हे ओळखावे लागते. म्हणून दोघांच्या चॅनेलमध्ये प्रत्येकाकडे हिशेबाची वेगळी प्रत ठेवावी लागते. चौघे-पाच जण असतील तर दोषी कोण, जप्त रक्कम कोणाची, आणि दोघांनी संगनमत करून तिसऱ्याला फसवले तर काय? प्रत्येक प्रश्नागणिक रचना फुगत जाते. वरच्या क्रमांकाचा हिशेब खरा, या नियमाला माणसे किती आहेत याने फरक पडत नाही.

शेवटचे कलम: दंड आहे म्हणून लबाडी विरळ आहे. हा तर्क मान्य करायचा तर दंड नसलेल्या रचनांत लबाडीचा सुळसुळाट दिसायला हवा. डेकर आणि रॉजर वॅटनहोफर यांनी २०१५ मध्येच मांडलेली दुहेरी चॅनेलची रचना दंडावाचूनच होती; ती मागे पडली ती देवघेवींच्या संख्येवरच्या मर्यादेमुळे. इथेरियमवरच्या स्टेट चॅनेलांतही वरचा क्रमांक जिंकतो हेच तत्त्व सर्रास वापरले जाते. लाइटनिंगने दंड निवडला तो बिटकॉइनच्या नियमांत न संपणाऱ्या देवघेवींसाठी तोच मार्ग बसत होता म्हणून. तांत्रिक नाइलाजातून आलेल्या तडजोडीला पुढे नैतिक सिद्धान्ताचा मुलामा चढला, आणि आता तो मुलामाच मूळ धातू म्हणून विकला जातो.

चॅनेलचे काम एकच आहे: दोघांनी शेवटी ज्यावर सह्या केल्या तो हिशेब साखळीवर उतरवणे. जुना हिशेब आला तर ताजा त्याच्या जागी यावा, टाकणाऱ्याला प्रयत्नाचा खर्च पडावा, उत्तर देणाऱ्याचे शुल्क आधी ठरलेल्या अनामतीतून वळते व्हावे आणि पहारा इतका स्वस्त असावा की तो कोणालाही ठेवता येईल. एवढे झाले की लबाडाच्या हाती काही लागत नाही आणि चुकलेल्याचे काही जात नाही. यापलीकडची जप्ती सुरक्षिततेत भर घालत नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही त्याला ती सोडून देते आणि ज्याच्याकडे आहे त्याला नागवते. बीआयपी ११८ किंवा तेच काम करणारा दुसरा बदल बिटकॉइनमध्ये येईपर्यंत ही जप्ती नाइलाज म्हणून चालवून घ्यावी लागेल. पण नाइलाजाला न्याय म्हणणे थांबवायला कोणत्याही नियमबदलाची वाट पाहावी लागत नाही.